मक्याला पाणी द्यावं की नाही: तीन पट्ट्यांच्या नोंदी

२ जून

चार एकर कोरडवाहू, एक विहीर, आणि दादाच्या डोक्यात पक्कं बसलेलं की सगळं रान ओलिताखाली आणायचं. विहीर पुरली नाही तर बोअर घ्यायचं. मी म्हटलं, आधी एक हंगाम मोजून बघू. तो म्हणाला, "पाणी दिलं की पीक वाढतं. यात मोजायचं काय?"

म्हणून ही वही. पाणी दिल्याने जास्तीचे किती किलो आले आणि त्यासाठी किती लिटर, किती तास, किती युनिट गेले, एवढंच लिहायचं. पैशांत काहीही मांडणार नाही. भाव दर हंगामाला बदलतो आणि मग हिशेब ज्याला हवा तसा वाकवता येतो.

पीक मका. ताण बसला की लगेच दाखवतो, आणि तुऱ्याच्या वेळी बसला तर माफ करत नाही. शेजारी शेजारी तीन पट्टे, प्रत्येकी पाच गुंठे:

अ: फक्त पाऊस.
ब: सरीतून पाणी, गरज पडली तरच, जास्तीत जास्त दोनदा.
क: ठिबक. माती तहानलेली म्हणून ठेवायचीच नाही. हा दादाचा पट्टा.

बियाणं, खत, पेरणीची तारीख तिन्हीकडे एकच. पट्ट्यांच्या मध्ये चार-चार ओळी सोडायच्या, त्यांचं वजन धरायचं नाही. एकेका पट्ट्यावर संशोधन होत नाही हे मला कळतं. घरातला वाद मिटला तरी पुष्कळ.

५ जून

मातीची बाटली लावली होती. मूठभर माती, पाणी, खूप हलवून ठेवून दिली. वाळू मिनिटाभरात खाली बसली, पोयटा दोनेक तासांत, चिकणमातीचं गढूळ पाणी नितळायला आज उजाडलं. थरांची उंची पट्टीने मोजली तर मध्यम पोताची निघाली.

अशी माती मीटरभर खोलीत साधारण १५० मिलिमीटर पाणी पिकासाठी धरून ठेवते. आमच्याकडे ६० सेंटिमीटरखाली मुरूम लागतो, म्हणजे साठा ९० मिलिमीटरचा. तोही सगळा सारख्या सहजतेने मिळत नाही. मक्यासाठी निम्म्याहून थोडा जास्त, म्हणजे ५० मिलिमीटर, झाड कुरकुर न करता ओढतं. पुढचं ओढताना धाप लागते.

भर वाढीतला मका कडक उन्हात दिवसाला ६ मिलिमीटरच्या आसपास पाणी उडवतो. पन्नास भागिले सहा. आठ दिवस.

दादाला म्हटलं, आपलं पहिलं धरण पायाखालीच आहे आणि ते आठ दिवसांचं आहे. त्याने मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

९ जून

पंप मोजला. २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली धरला, मोबाइलवर वेळ लावली. ५० सेकंद, पुन्हा ५०, तिसऱ्यांदा ५१. म्हणजे सेकंदाला ४ लिटर, तासाला १४,४०० लिटर. मीटरवर तासाला १.९ युनिट पडले.

पाणी वर खेचायला लागणारी ऊर्जा ठरलेली असते: एक घनमीटर पाणी १०० मीटर उचलायला ०.२७ युनिट. आमची उचल सगळी मिळून १५ मीटर. या हिशेबाने तासाला ०.५९ युनिट पुरायला हवेत. उरलेले मोटार, पंप, पाइपातलं घर्षण आणि कुठेतरी हवा ओढणारा फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या विहिरीतल्या टोकाची झडप) खातात. एकूण कार्यक्षमता ३१ टक्के. कुठलीही नवी योजना करण्याआधी जुन्या पंपाकडे बघायला हवं, असं समासात लिहून ठेवलंय.

गुंठ्याचा एक फायदा लक्षात आला. एक गुंठा म्हणजे जवळजवळ १०० चौरस मीटर, त्यामुळे एका गुंठ्यावर १ मिलिमीटर म्हणजे १०० लिटर. तोंडी हिशेब होतो.

१८ जून

पेरणी. वाफसा चांगला होता. मूठ दाबली की गोळा होत होता आणि बोट लावलं की फुटत होता.

३० जून

उगवण तिन्हीकडे सारखी. या वयात रोपाला दिवसाला दीड मिलिमीटरही लागत नाही, तरी क पट्ट्यातल्या लॅटरल, म्हणजे ठिबकच्या नळ्या, अंथरायला दोन माणसांचे दोन दिवस गेले. हे तास क च्या खात्यात.

१३ जुलै

आठ दिवस उघडीप. दुपारी दोनला अ आणि ब मधली पानं गुंडाळली जातात, सुरळी होते. संध्याकाळी सहाला परत उलगडतात, सकाळी बघितलं तर काही झालंच नव्हतं अशी.

दादा बांधावर उभा राहून म्हणाला, "ब ला तरी सोड. पोरं उपाशी ठेवून वजन कसलं मोजतोस?"

सोडलं नाही. एफएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, १९७९ मध्ये पिकांच्या उत्पन्नाचं आणि पाण्याचं नातं आकड्यांत मांडलं. त्यात मक्याच्या प्रत्येक अवस्थेला वेगळा गुणांक आहे. शाकीय, म्हणजे पानं-खोडाच्या, वाढीत ०.४, फुलोऱ्यात १.५, दाणा भरताना ०.५, पक्व होताना ०.२. पाणी जेवढे टक्के कमी पडलं त्याला या आकड्याने गुणायचं, उत्पन्नातली घट मिळते. आत्ता २० टक्के कमी पडलं तर ८ टक्क्यांचा फटका, तेच फुलोऱ्यात ३० टक्क्यांचा. माझी दोन पाणी मी त्या दिवसांसाठी राखून ठेवतोय.

क ला ठिबकने मिळून ३० मिलिमीटर दिलंय. पानं रुंद, काळीभोर हिरवी. बघायला क च सुंदर, हे मान्य.

१६ जुलै

काल संध्याकाळी १८ मिलिमीटर. उघडीप संपली.

सकाळी अ आणि क च्या कडेला एकेक चर खणला, झाडापासून वीतभर अंतरावर, आणि मुळं उघडी केली. ब्रशने माती झाडत झाडत दोन तास गेले. अ ची मुळं ४२ सेंटिमीटरपर्यंत पोचली होती, शेवटची टोकं पांढरीशुभ्र, मुरमाकडे तोंड करून. क मध्ये २७ सेंटिमीटरनंतर काही सापडेना, सगळा गुंता ड्रिपरखालच्या ओल्या गोळ्यात. ताटात वाढून मिळतंय तर खाली कोण जाणार.

दादाने दोन्ही चर बघितले. काही बोलला नाही, पण चर बुजवायला फावडं त्यानेच घेतलं.

२२ जुलै

क च्या एका कोपऱ्यात झाडं फिकी, बुटकी. ड्रिपरखाली १६ पेले ठेवून १५ मिनिटं पाणी गोळा केलं. तासाला ४ लिटरचा ड्रिपर, म्हणजे पेल्यात एक लिटर यायला हवं. बारा पेल्यांत ९३० ते ९९० मिलिलिटर. उरलेल्या चारांत ४१०, ३८०, २९० आणि ६०.

साठवाल्या पेल्यावरचा ड्रिपर उघडला. आत पांढरा थर, नखाने खरवडला तर खडूसारखा सुटला. विहिरीचं पाणी जड आहे. दुसऱ्यात हिरवट चिकट शेवाळ. फिल्टरची जाळी काढली तर एका ठिकाणी बोट जाईल एवढी फाटलेली. बसवून देणाऱ्याने जुनीच घातली की आमच्याकडून फाटली, आता कोण सांगणार. जाळी बदलली, सौम्य आम्लाची धुलाई केली, लॅटरलची टोकं उघडून पाणी वाहू दिलं. अर्धा दिवस.

ठिबकची ९० टक्के कार्यक्षमता म्हणतात ती सगळे ड्रिपर सारखे चालले तरची. या कोपऱ्यातल्या झाडांना कोणी विचारलं तर ती वेगळं सांगतील.

२७ जुलै

विहिरीची परीक्षा. सलग तीन तास उपसा, ४३,२०० लिटर. पातळी २.१ मीटर उतरली. २२ तासांत पूर्ववत. म्हणजे रोज ४३ घनमीटर विहीर हसत देते. दादा खूश.

पण ही जुलैतली विहीर आहे. ज्या दिवशी मक्याला पाणी लागेल त्या दिवशीची मोजायला हवी.

५ ऑगस्ट

१ तारखेला २४ मिलिमीटर पडला, तेव्हापासून आभाळ कोरडं. मातीचा साठा त्या दिवशी जवळजवळ भरलेला धरला तर ९-१० तारखेला सोपं पाणी संपेल. तुरा बाहेर यायला लागलाय.

९ ऑगस्ट

गिरमिटाने ३० सेंटिमीटरवरची माती काढली. मुठीत दाबली, गोळा झाला, पण तळहातावर टाकून हलवताच भुगा. ब ला पहिलं पाणी.

मातीत ५० मिलिमीटर पोचवायचं तर सरीतून ८० सोडावं लागतं. पाटात मुरणारं, सरीच्या तोंडाशी जास्त खोल जाणारं, शेवटाकडून वाहून जाणारं, सगळं मिळून तेवढं जातं. पाच गुंठ्यांना ४०,५०० लिटर, म्हणजे पावणेतीन तास आणि वर थोडं.

सकाळी सातला दारं धरलं. आठ वीसला वीज गेली. ती आली रात्री साडेनऊला. डोक्याला बॅटरी बांधून राहिलेल्या सऱ्या भिजवल्या. अंधारात पाणी कुठवर पोचलंय ते दिसत नाही, आवाजावरून ओळखायचं. कोरड्या मातीत शिरताना बारीक चुरचुर होते, भरली की थांबते. एक बांध फुटला आणि तो मला दहा मिनिटांनी कळला, त्यामुळे शेवटच्या दोन ओळी कोरड्याच राहिल्या. तशाच ठेवल्या आणि काठ्या रोवून खूण केली.

१२ ऑगस्ट

खरा फरक आज दिसतोय.

अ मध्ये तुरे वेळेवर आलेत, हात लावला की पिवळे पराग झडतात. पण कणसांना केस नाहीत. सोलून बघितलं तर आत आहेत, वेटोळे करून, बाहेर यायची ताकद नाही. केसांची लांबी वाढायला पेशींत पाणी लागतं आणि तेच नाही. प्रत्येक केस म्हणजे एक दाणा. पराग पडून जाईल आणि हे नंतर बाहेर येतील, तोवर वरात निघून गेलेली असेल.

ब मध्ये केस बोटभर बाहेर, ओलसर, त्यांवर पराग चिकटलेले. क तसाच. कोरड्या राहिलेल्या त्या दोन ओळी अगदी अ सारख्या. एकाच पट्ट्यात, तीन फुटांवर.

आई सोबत आली होती. अ मधलं एक झाड हलवून म्हणाली, "याला आता अमृत पाजलंस तरी जे गेलं ते गेलं."

१७ ऑगस्ट

ब ला दुसरं आणि शेवटचं पाणी. वीज होती. दोन तास पन्नास मिनिटं, काही घडलं नाही.

१८ ऑगस्ट

विहीर पुन्हा मोजली. उघडिपीचा सतरावा दिवस. तीन तासांच्या उपशानंतर २२ तासांत भरली फक्त १.४ मीटर. दिवसाला २७ घनमीटर.

हा आकडा मी दोनदा लिहिला, कारण सगळी योजना याच्यावर उभी राहणार किंवा पडणार आहे. चार एकर मक्याला फुलोऱ्यात दिवसाला ९७ घनमीटर लागतं, तेही एक थेंब वाया न घालवता. विहीर देते २७. ठिबकने दिलं तरी एकरभरच पुरेल. पिकाला तहान लागते त्याच आठवड्यात विहिरीचा झराही आटतो. दोघांचं आभाळ एकच आहे.

२१ ऑगस्ट

रात्रीत ५८ मिलिमीटर.

पाऊस एकच, पण तीन पट्ट्यांत तीन वाटांनी गेला. अ ची माती इतकी रिकामी होती की सगळा आत गेला. ब मध्ये चार दिवसांपूर्वीचं पाणी होतं, निम्म्याहून जास्त पाऊस खाली निसटला असणार. क तर काल संध्याकाळीच भरलेला. त्याच्या शेवटच्या सरीत सकाळीही पाणी उभं होतं.

हवामानाच्या अंदाजात दोन दिवस आधीपासून पाऊस दाखवत होते. दादाने तरी काल व्हॉल्व्ह उघडला. "अंदाजावर पीक सोडू?" त्याचंही चूक म्हणता येत नाही. असाच अंदाज ११ तारखेलाही होता आणि तेव्हा थेंब पडला नव्हता.

३० ऑगस्ट

क ची खालची पानं टोकाकडून पिवळी पडतायत. पिवळेपणा मधल्या शिरेच्या बाजूने आत शिरतो, उलट्या व्ही सारखा. ही नत्राची कमतरता. कडेने पिवळं असतं तर पालाश म्हटलं असतं. भरल्या मातीवर पाऊस पडला आणि नत्र धुऊन मुळांच्या खाली गेलं, त्यात मुळं आधीच वरवरची. ब मध्ये थोडं, अ मध्ये जवळजवळ नाही. अ ची पानं हिरवी राहिली, पण त्यांनी भरायचं काय? दाणेच नाहीत.

८ सप्टेंबर

आज बसून क्षारांचा हिशेब केला. करायचं टाळत होतो.

विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकता १.१ डेसिसीमेन्स प्रति मीटर. साधारण ६४० ने गुणलं की लिटरमागे मिलिग्रॅम क्षार मिळतात. सातशेच्या आसपास. पिण्याच्या पेल्यात जाणवतही नाही. पण ब ला दोन पाण्यांत ८१ घनमीटर गेलं, म्हणजे ५७ किलो क्षार. पाच गुंठ्यांत. एक गोणी खांद्यावर घेऊन शेतात विखुरली असती तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

झाड पाणी घेतं, क्षार मागे ठेवतं. आमच्याकडे पावसाळा ते धुऊन नेतो म्हणून निभावतं. मातीच्या अर्कात वाहकता १.७ च्या वर गेली की मका घटायला लागतो. गहू ६ पर्यंत आणि जव ८ पर्यंत तग धरतो. जिथे पाऊस कमी आणि पाण्याला खाली निसटायला वाट नाही, तिथे पिढ्यान् पिढ्या गोणीवर गोणी साचत जाते. दक्षिण मेसोपोटेमियातल्या जमिनी अशाच खारावल्या. अरल समुद्राची गोष्ट उलट्या टोकाची. १९६० पर्यंत ते जगातलं चौथं मोठं सरोवर होतं. अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं गेलं आणि सरोवराच्या जागी बहुतेक खारं वाळवंट उरलं.

हे दादाला वाचून दाखवलं तेव्हा त्याने जे विचारलं ते रास्त होतं: "मग जग पाणी देतं ते खुळं म्हणून?" नाही. जगातल्या लागवडीखालच्या जमिनीपैकी फक्त पाचव्या हिश्शाला सिंचन आहे आणि त्यातून ४० टक्के अन्न येतं. पाऊस सरल्यावरचं पीक तर पाण्यावाचून उभंच राहत नाही, तिथे पाणी फायद्याचं का हा प्रश्नच नाही. पण माणूस नद्या-विहिरींतून जेवढं गोडं पाणी उपसतो त्यातलं ७० टक्के शेतीत जातं, हेही त्याच वहीत लिहायला लागतं.

१२ सप्टेंबर

क ला परत पाणी चालू दिसलं. दाणा पक्व होतोय, गुणांक ०.२. व्हॉल्व्ह बंद केला. कोणी उघडला ते विचारलं नाही.

२० सप्टेंबर

आईच्या पावसाच्या वह्या काढल्या. २२ वर्षं, एकही दिवस सुटलेला नाही. पर्जन्यमापक यायच्या आधी सरळ कडांच्या डब्यात पट्टी बुडवून मोजायची. कडा सरळ असल्या की डबाही चालतो, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मधूनच शेरे: "नुसते ढग." "वारा फार, पाऊस उडून गेला."

१८ जूनला पेरणी धरून प्रत्येक वर्षी ४५ ते ७० व्या दिवसांची खिडकी तपासली. तिच्यात सलग बारा दिवसांहून मोठी उघडीप किती वर्षी? सात. त्यांतल्या दोन वर्षी अठराच्या वर. उरलेल्या पंधरा वर्षांत मक्याला दिलेलं पाणी शेतातून वाहून गेलं असतं किंवा जेमतेम फरक पडला असता.

तीन वर्षांतून एकदा, असं धरू. यंदाचं वर्ष त्या सातांसारखं. म्हणजे माझा प्रयोग दादाच्या बाजूने झुकलेल्या वर्षी झालाय. पाऊस नीट झाला असता तर तिन्ही पट्टे सारखे आले असते आणि मीच फुशारकी मारली असती.

४ ऑक्टोबर

काढणी. कणसं सोलताना अ चा ढीग हलका लागतो, हातालाच कळतं. वरचा निम्मा भाग बोडका, खाली तुरळक दाणे, दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडासारखं. बुडाकडचे केस आधी बाहेर येतात, शेंड्याचे शेवटी, म्हणून बुडाला तरी काही धरलं. ओळी मात्र सगळीकडे चौदा किंवा सोळा. मक्याच्या कणसावर ओळी समच असतात. पन्नासेक मोजली, अपवाद सापडला नाही. मुलांना चांगला उद्योग मिळाला.

१५ ऑक्टोबर

दाणे वाळवून, ओलावा १४ टक्क्यांवर आणून वजन:

अ १४८ किलो. ब २८१. क २९४.

कोरड्या राहिलेल्या दोन ओळी ब मध्येच धरल्यात. त्या माझ्या चुकीच्या, पण प्रत्यक्षात अशा चुका होणारच.

आधी अ चं. उघडीप १९ दिवसांची, गरज ११४ मिलिमीटर. मातीने दिलं ८२ च्या आसपास, तूट २८ टक्के. दीडाने गुणून ४२ टक्के घट यायला हवी होती. आली ती क च्या मानाने जवळजवळ ५० टक्के. पट्ट्याच्या एका टोकाला मुरूम वर आहे, तिथे साठा ९० चा नसणारच.

ब: ८१,००० लिटर, पाच तास चाळीस मिनिटं मोटार, सुमारे ११ युनिट, एका माणसाचे तेवढेच तास आणि एक रात्रीची झोप. जास्तीचे १३३ किलो. किलोमागे ६०० लिटरच्या थोडं वर.

क: जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर मिळून २०० मिलिमीटर, १,०१,००० लिटर. ब पेक्षा २०,००० लिटर जास्त आणि १३ किलो जास्त. त्या शेवटच्या तेरांना किलोमागे दीड हजार लिटर. अंथरणं, धुलाई, जाळी यांचे तास वेगळे.

दादा आकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे पाण्याने जवळजवळ दुप्पट झालं." खरं आहे, झालं. मी फक्त आईची वही त्याच्यापुढे सरकवली.

१९ ऑक्टोबर

बोअरचा विषय आज शेवटी निघालाच.

एकरभर मक्याला ठिबकने ५० मिलिमीटर पोचवायचं तर २२५ घनमीटर उपसावं लागतं. विहिरीतून, ठिबकचा दाब धरून, उचल २५ मीटर. आमच्या पंपाच्या ३१ टक्क्यांनी ४९ युनिट. १२० मीटरच्या बोअरमधून उचल १३०, त्याच कार्यक्षमतेने २५७ युनिट. ठिबकने पाणी वाचतं ते थोड्या टक्क्यांत, खोलीने ऊर्जा लागते ती पटींत. वर बोअरने आपल्याच विहिरीचा झरा ओढला तर एकाच घागरीला दोन नळ लावल्यासारखं होईल.

"मग चार एकर तसंच ठेवायचं?" दादा.

इथे मला वाटलं नव्हतं ते उत्तर निघालं. २७ घनमीटर रोज म्हणजे एक एकर, हा हिशेब माती रिकामी धरून होता. १९ दिवसांच्या उघडिपीत ११४ पैकी ५० माती देते. पाण्याने द्यायचे फक्त ६४ मिलिमीटर, म्हणजे एकराला २५९ घनमीटर. विहीर १९ दिवसांत ठिबकच्या गळतीनंतर ४६० देते. पाने सुरळी होईपर्यंत न थांबता उघडिपीच्या पहिल्या दिवसापासून थोडं थोडं सोडलं, तर पावणेदोन एकर निघतं.

मात्र पहिल्या दिवशी कोणाला कळतं की उघडीप १९ दिवसांची आहे? त्यामुळे काही वर्षी दिलेलं वाया जाणार, क सारखं. ते धरूनच चालायचं.

आई मध्येच म्हणाली, "अर्धा मका आधी पेरा, अर्धा दहा दिवसांनी. दोन्ही तुरे एकदम तहानणार नाहीत." माझ्या सगळ्या कोष्टकात हे नव्हतं.

२६ ऑक्टोबर

ठरलं ते असं. मका दीड एकर, विहिरीजवळचा, खोल मातीचा, दहा दिवसांच्या अंतराने दोन पेरण्या. ठिबक तिथेच, नवीन फिल्टरसह. पेल्यांची चाचणी पेरणीनंतर महिन्याने आणि तुऱ्याच्या आठवडाभर आधी. उरलेल्या अडीच एकरात ज्वारी आणि तूर. ज्वारीचा गुणांक ०.९ आहे, मक्याचा पूर्ण हंगामाचा १.२५, आणि तुरीची मुळं मुरमाच्या भेगांतही घुसतात. त्यांना पाणी नाही. मुरूम वर असलेलं टोकही त्यातच जातं. बोअर यंदा नाही. दादाने "यंदा" वर जोर दिला, म्हणून तसंच लिहितोय.

मातीचा नमुना वाहकतेसाठी दिलाय, तिन्ही पट्ट्यांचा वेगळा.

दुपारी दोघांनी मिळून फूटव्हॉल्व्ह काढला. रबर चिरलेलं, आत एक बेडूक, जिवंत. नवा बसवला, ड्रम लावला. ४३ सेकंद.